शेअरचे जुने भाव: फाइल उघडण्यापासून नियम तपासण्यापर्यंत

ॲपलचा शेअर शुक्रवारी, 28 ऑगस्ट 2020 ला, 499.23 डॉलरवर बंद झाला. सोमवारी, 31 ऑगस्टला, तोच शेअर 129.04 वर बंद झाला. कच्च्या, म्हणजे नंतर काहीही न सुधारलेल्या, फाइलमध्ये या दोन ओळी एकाखाली एक येतात आणि टक्केवारी काढली की उत्तर येतं उणे 74. कंपनीचं काहीही बिनसलं नव्हतं. सोमवारपासून एका शेअरचे चार झाले होते (याला स्प्लिट म्हणतात), इतकंच. 499.23 ला चारने भागलं की 124.81 येतात. म्हणजे तक्ता ज्या दिवशी धूळधाण दाखवतो, त्या दिवशी शेअर खरं तर 3.4 टक्के वर गेला होता.

जुन्या भावांचा डेटा आज कुणालाही फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळतो, आणि एक्सेल येणाऱ्याला त्यावरची गणितंही जमतात. घोळ होतो तो गणिताच्या आधी. समोरच्या कॉलममध्ये नेमका कुठला भाव आहे, त्यात नंतर कुणी काय बदललंय, आणि फाइलमध्ये कोण नाहीच, हे न बघता माणूस थेट सूत्रं लावायला बसतो. म्हणून पुढे सूत्रं थोडी आहेत आणि तपासणी जास्त.

आधी प्रश्न ठरवा

"आधी डेटा उतरवून घेऊ, मग बघू काय करायचं ते" या क्रमाने गेलं की हमखास चुकीची फाइल हाती येते. कारण प्रश्नाप्रमाणे फाइल बदलते. एखाद्या जुन्या तारखेला शेअर किती रुपयांना किंवा डॉलरला मिळत होता, एवढंच हवं असेल (करासाठी, जुन्या व्यवहाराची नोंद जुळवण्यासाठी) तर त्या दिवशीचा कच्चा भाव लागतो. दहा वर्षं शेअर धरून ठेवणाऱ्याला किती मिळालं हे हवं असेल तर स्प्लिट, बोनस आणि लाभांश धरून समायोजित केलेला भाव लागतो. आणि "अमुक झालं की घ्यायचं, तमुक झालं की विकायचं" असा नियम तपासायचा असेल तर यातलं कुठलंच एकटं पुरत नाही. बुडालेल्या कंपन्यांचे भावही लागतात.

प्रश्न एका वाक्यात लिहून फाइलच्या पहिल्या शीटवर ठेवा. रोजच्या भावांची फाइल सुरुवातीला पुरते. मिनिटामिनिटाचा डेटा नवख्याने घेऊ नये, त्यात चुका शोधण्यातच जीव जातो.

एक ओळ नीट वाचा

दैनिक फाइलच्या प्रत्येक ओळीत साधारण हेच असतं: तारीख, उघडता भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव, उलाढाल आणि बहुतेक ठिकाणी समायोजित बंद भाव. उलाढाल म्हणजे किती शेअरचे सौदे झाले तो आकडा. काही ठिकाणी त्याऐवजी सौद्यांची रक्कम दिलेली असते, तेव्हा शीर्षक वाचा.

बंद भाव म्हणजे दिवसाचा शेवटचा सौदा, असं बहुतेकांना वाटतं. ते सगळीकडे खरं नाही. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये दिवसाअखेर वेगळा लिलाव होतो आणि त्यात ठरलेला भाव हा बंद भाव मानला जातो. काही बाजारांत शेवटच्या काही मिनिटांतल्या सौद्यांची भारित सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन) काढून बंद भाव ठरवण्याची पद्धत आहे. त्यामुळे पडद्यावर दिसलेला शेवटचा भाव आणि फाइलमधला बंद भाव यांत थोडा फरक दिसला तर लगेच डेटा देणाऱ्याला दोष देऊ नका.

या ओळीत काय नसतं तेही लक्षात घ्या. उच्चांक आधी आला की नीचांक, हे ती सांगत नाही. नुसता बंद भाव पाहणाऱ्याला तर दिवसभरात काय झालं याचा पत्ताच लागत नाही. 6 मे 2010 ला डाऊ जोन्स हा अमेरिकी निर्देशांक काही मिनिटांत जवळजवळ 1000 अंशांनी कोसळला आणि बराचसा सावरलाही. दिवसअखेरची घसरण होती सुमारे 348 अंशांची. बंद भावांच्या आलेखात तो एक बऱ्यापैकी वाईट दिवस आहे, इतकंच.

समायोजन: इथे घाई करू नका

स्प्लिटचं गणित वर पाहिलं. बोनस शेअरचंही तसंच: एकास एक बोनस म्हणजे शेअर दुप्पट, जुना भाव निम्मा. भाव भागताना जुनी उलाढाल त्याच पटीने गुणावी लागते, नाहीतर स्प्लिटनंतर लोक अचानक चौपट उत्साहाने तुटून पडले असं वाटेल. उलटा स्प्लिटही असतो. सिटीग्रुपने मे 2011 मध्ये दहा शेअरचा एक केला आणि साडेचार डॉलरच्या आसपासचा शेअर एका रात्रीत पंचेचाळीसच्या घरात गेला. कच्च्या फाइलवर "एका दिवसात सर्वाधिक वाढलेले शेअर" अशी यादी काढलीत तर पहिल्या पानावर अशीच मंडळी भेटतील.

लाभांशाचं प्रकरण जरा बारीक आहे. मायक्रोसॉफ्टने 2004 च्या डिसेंबरात शेअरमागे 3 डॉलरचा खास लाभांश दिला. ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो मिळणार नव्हता, म्हणजे एक्स-डेटला, शेअर 30 च्या आसपासून 27 च्या घरात आला. भागधारकाचं काही गेलं नाही, तीन डॉलर त्याच्या खात्यात येणारच होते. कच्च्या भावात मात्र तो तोटा दिसतो.

हे सुधारायची रूढ पद्धत सोप्या आकड्यांत बघू. एक्स-डेटच्या आदल्या दिवशीचा बंद भाव 100 आणि लाभांश 4 असेल तर गुणक होतो 1 वजा 4 भागिले 100, म्हणजे 0.96. एक्स-डेटच्या आधीचे सगळे भाव, अगदी पहिल्या दिवसापासूनचे, 0.96 ने गुणायचे. पुढचा लाभांश आला की नवा गुणक, आणि पुन्हा सगळा इतिहास गुणायचा. दोन लाभांशांपूर्वीचा भाव दोन्ही गुणकांनी गुणला जातो, वीस लाभांशांपूर्वीचा विसांनी. म्हणून समायोजित भाव जितका मागे जाल तितका खऱ्या भावापासून लांब जातो.

यातून निघणारी गोष्ट फार कमी जण गंभीरपणे घेतात: समायोजित इतिहास स्थिर नसतो. आज उतरवलेली फाइल आणि पुढच्या वर्षी उतरवलेली फाइल यांत 2015 चा भाव वेगळा निघेल, आणि दोन्ही बरोबर असतील. जुन्या फाइलच्या शेपटीला नव्या ओळी चिकटवत राहिलात तर सांध्यावर खोटी उडी तयार होते. दर वेळी पूर्ण फाइल नव्याने घ्या, नावात उतरवल्याची तारीख घाला, आणि कच्च्या भावांची एक प्रत हात न लावता वेगळी ठेवा.

समायोजित भावाचा मोह उलट्या बाजूनेही फसवतो. ॲपल 12 डिसेंबर 1980 ला 22 डॉलरला बाजारात आली. त्यानंतर 1987, 2000 आणि 2005 मध्ये एकाचे दोन, 2014 मध्ये एकाचे सात आणि 2020 मध्ये एकाचे चार झाले, गुणाकार 224. आजच्या हिशोबात तो 22 डॉलरचा भाव दहा सेंटच्याही किंचित खाली उतरतो. मग कुणीतरी लिहितं, "ॲपल तेव्हा दहा सेंटला मिळत होता." कुणालाही तो दहा सेंटला मिळाला नाही. आणि "पाच डॉलरच्या खालचेच शेअर घ्यायचे" असा नियम समायोजित भावांवर तपासलात, तर पुढे जाऊन अनेकदा स्प्लिट होणाऱ्या, म्हणजेच भरपूर वाढणाऱ्या कंपन्या तुमच्या जाळ्यात आपोआप येतात. भावाच्या पातळीवरचा नियम असेल तर पातळी कच्च्या भावावर तपासा आणि परतावा समायोजित भावावर काढा.

सगळे स्रोत एकाच प्रकारे समायोजन करत नाहीत. याहू फायनान्सवर साधा बंद भावही स्प्लिटसाठी आधीच सुधारलेला असतो, समायोजित कॉलममध्ये त्यावर लाभांशाचीही सुधारणा असते. म्हणजे तिथे दिसणारा "बंद भाव" हा त्या दिवशी प्रत्यक्ष झालेला भाव असेलच असं नाही. ज्या शेअरचा स्प्लिट तुम्हाला पक्का ठाऊक आहे त्याच्या आधीची आणि नंतरची ओळ बघा. उडी दिसली तर भाव कच्चा, नाही दिसली तर सुधारलेला. मोठ्या लाभांशाच्या तारखेला हेच करा. दोन मिनिटांत स्रोताची पद्धत कळते.

कंपनीतून दुसरी कंपनी वेगळी होते तेव्हा तर स्रोतागणिक उत्तर बदलू शकतं. जुलै 2015 मध्ये ईबेमधून पेपाल वेगळी झाली आणि ईबेचा कच्चा भाव निम्म्याहून खाली आला, कारण त्यातली पेपालची किंमत भागधारकांच्या हाती वेगळ्या शेअरच्या रूपाने गेली. अशा तारखा दोन स्रोतांत पडताळून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निर्देशांकांनाही हेच लागू आहे, फक्त ते कुणी सांगत नाही. डाऊ जोन्स किंवा एस अँड पी 500 या अमेरिकी निर्देशांकांचा बातम्यांत येणारा आकडा लाभांश धरत नाही. जर्मनीच्या डॅक्सचा नेहमीचा आकडा लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून काढतात. या दोघांचे वीस वर्षांचे आलेख एकमेकांवर ठेवून कुठला देश पुढे हे ठरवणं व्यर्थ आहे. अमेरिकी निर्देशांकाची एकूण परताव्याची मालिका वेगळी मिळते, ती घ्या.

फाइल साफ करणं

कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं.

तारखांपासून सुरू करा. 03/06/2024 म्हणजे 3 जून की 6 मार्च? स्प्रेडशीट तुमच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे परस्पर ठरवते. ज्या तारखांत दिवस 12 च्या आत आहे त्या चुपचाप उलटतात आणि बाकीच्या मजकूर म्हणून पडून राहतात. वर्ष-महिना-दिवस या क्रमात तारखा आणून ठेवा. मग क्रम पाहा: काही फाइलींत सर्वांत नवी ओळ वर असते. "आजचा भाव भागिले वरच्या ओळीतला भाव" हे सूत्र अशा फाइलवर ओढलंत तर तेजीची मंदी होते. जुनी ओळ वर, नवी खाली, असं लावूनच काम सुरू करा.

तारखांतली भोकं बघा. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या नसणारच. पण बाजार कधी कधी अनपेक्षितही बंद राहतो: 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कचा बाजार थेट 17 तारखेला उघडला. अशा रिकाम्या दिवसांत शून्य भरू नका. शून्य भाव म्हणजे कंपनी बुडाली असा अर्थ गणित काढतं. वेगवेगळ्या देशांचे शेअर शेजारी ठेवायचे असतील तर सगळ्यांना समाईक असलेलेच दिवस ठेवा, आणि टोकियोचा बाजार बंद होतो तेव्हा न्यूयॉर्कचा त्याच तारखेचा उघडलेलाही नसतो, हेही ध्यानात असू द्या.

त्यानंतर रोजचा टक्केवारीचा बदल काढून उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या दहा, खालच्या दहा ओळी हाताने तपासा. प्रत्येक मोठ्या उडीला कारण सापडलं पाहिजे: स्प्लिट, निकाल, बातमी, नाहीतर चूक. 3 जून 2024 ला न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या तांत्रिक बिघाडामुळे बर्कशायर हॅथवेचा सहा लाखांहून अधिक डॉलरचा ए वर्गाचा शेअर 185.10 डॉलरवर दिसला. ते सौदे नंतर रद्द झाले. असा आकडा एखाद्या फाइलच्या नीचांकात राहून गेला तर एका दिवसात 99 टक्क्यांहून जास्त घसरण तुमच्या सरासरीत शिरते.

फाइलमध्ये कोण नाही?

हा प्रश्न नवख्यांना सुचत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. आज एस अँड पी 500 मध्ये असलेल्या कंपन्यांची यादी घेतली, त्यांचे 2000 पासूनचे भाव उतरवले, आणि कुठलाही नियम त्यावर चालवला तर निकाल झकास येतो. येणारच. ती यादीच मुळी टिकलेल्यांची आहे. डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेलेली एन्रॉन तिच्यात नाही, सप्टेंबर 2008 मध्ये बुडालेली लेहमन ब्रदर्स नाही. 2000 साली यादी बघणाऱ्या माणसासमोर मात्र दोघीही होत्या. जनरल इलेक्ट्रिक तर जून 2018 मध्ये डाऊमधून बाहेर पडली, तीही शतकाहून अधिक काळ सलग आत राहिल्यावर.

खरी तपासणी हवी असेल तर त्या-त्या वर्षी यादीत कोण होतं तो इतिहास आणि बाजारातून काढून टाकलेल्या कंपन्यांचे भाव, दोन्ही हवेत. फुकट स्रोतांत हे क्वचित मिळतं. मिळत नसेल तर एखाद्या शेअरऐवजी निर्देशांकाच्या भावांवरच सराव करा; निर्देशांक बुडालेल्यांचा तोटा पोटात घेऊनच इथवर आलेला असतो.

चिन्हांचाही, म्हणजे बाजारातल्या कंपन्यांच्या लघुनावांचाही, एक सापळा आहे. जुनी जनरल मोटर्स 1 जून 2009 ला दिवाळखोरीत गेली आणि जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये नवी कंपनी त्याच जीएम चिन्हाखाली बाजारात आली. चिन्ह एक, कंपन्या दोन. दोघींचे भाव जोडले तर एक सलग आलेख तयार होतो, जो कुणाही गुंतवणूकदाराच्या वाट्याला आला नाही.

आता गणित

रोजचा परतावा: आजचा भाव भागिले कालचा भाव, वजा 1. हे टक्के बेरजेने जोडायचे नसतात. 50 टक्के पडून 50 टक्के वाढलेला शेअर 100 वरून 75 वर असतो. अनेक दिवसांचा परतावा काढायचा तर प्रत्येक दिवसाच्या परताव्यात 1 मिळवून गुणाकार करा.

वार्षिक दर काढताना शेवटच्या भावाला पहिल्याने भागा, त्याचा "1 भागिले वर्षं" इतका घात घ्या, 1 वजा करा. पाच वर्षांत 100 चे 180 झाले तर दर सुमारे 12.5 टक्के येतो. 80 ला पाचने भागून 16 म्हणणारे पुष्कळ भेटतात.

घसरणीचं मोजमाप मला परताव्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. एका कॉलममध्ये आजवरचा सर्वोच्च बंद भाव ठेवा, शेजारी आजचा भाव त्या शिखराच्या किती टक्के खाली आहे ते काढा. डाऊसाठी हे केलंत तर 3 सप्टेंबर 1929 चं 381.17 हे शिखर आणि 8 जुलै 1932 चा 41.22 हा तळ दिसेल, 89 टक्के खाली. तिथून परत शिखरावर जायला सव्वाआठ पटीने वाढ व्हावी लागली, म्हणजे भाव सव्वानऊ पट. नोव्हेंबर 1954 उजाडला. लाभांश धरले तर हा काळ बराच कमी भरतो, म्हणून आधी कॉलम कुठला ते बघा, असं पुन्हा सांगतो. जपानच्या निक्केईने 29 डिसेंबर 1989 चं शिखर 22 फेब्रुवारी 2024 ला ओलांडलं. "दीर्घकाळात बाजार वरच जातो" म्हणताना दीर्घ म्हणजे किती, ते या कॉलमला विचारा.

चढउतार मोजायला रोजच्या परताव्याचं प्रमाण विचलन (परतावा सरासरीपासून साधारण किती लांब जातो ते) काढून त्याला 252 च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण 16 ने गुणतात. वर्षात कामकाजाचे दिवस सुमारे तेवढे असतात. आलेख मोठ्या काळाचा असेल तर उभा अक्ष लॉग मापाचा, म्हणजे सारख्या टक्क्यांच्या बदलाला सारखी उंची देणारा, ठेवा. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ 508 अंशांनी पडला, तेव्हा ते 22.6 टक्के होते. डाऊ 40,000 वर असताना तेवढेच अंश म्हणजे सव्वा टक्का. साध्या मापाच्या आलेखात ती ऐतिहासिक पडझड भिंगातून शोधावी लागते. महागाई आणि चलनाचा हिशोब वेगळा, तो तुलना देशोदेशींची किंवा दशकांची असेल तेव्हा जरूर करा.

नियम तपासताना

"भाव मागच्या 200 दिवसांच्या सरासरीच्या वर बंद झाला की घ्यायचं" हा सोपा नियम घ्या. पहिल्या 199 ओळींत सरासरी येणारच नाही, त्या रिकाम्या सोडा. भाव सरासरीवर बंद झाला हे बाजार बंद झाल्यावर कळतं, मग त्याच बंद भावाला खरेदी कशी होईल? खरेदी दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला धरा. दलाली, कर आणि घेण्या-विकण्याच्या भावांतला फरक प्रत्येक सौद्यातून वजा करा. पुष्कळ नियमांचा सगळा नफा इथेच संपतो.

डेटाचा शेवटचा एक तृतीयांश भाग आधीच बाजूला काढून ठेवा आणि नियम ठरेपर्यंत उघडू नका. 200 ऐवजी 180, 180 ऐवजी 163 असं करत गेलं की जुन्या भावांना बरोबर बसणारा आकडा कधी ना कधी सापडतोच. बाजूला ठेवलेल्या भागावर तो एकदाच चालवा. तिथे पडला तर पुन्हा दुरुस्त करून त्याच भागावर चालवण्यात अर्थ नाही, कारण आता तो भागही पाहून झाला.

नियमात नफ्याचं लक्ष्य आणि स्टॉपलॉस (तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं तो भाव) दोन्ही असतील तर उच्चांक-नीचांकाचा मघाचा मुद्दा आडवा येतो. ज्या दिवशी उच्चांकाने लक्ष्य गाठलं आणि नीचांकाने स्टॉपलॉसही तोडला, त्या दिवशी आधी काय झालं ते दैनिक फाइलला सांगता येत नाही. असे दिवस वेगळे मोजा आणि सगळे तोट्यात धरा. त्यानंतरही नियम तगला, तर मग मिनिटामिनिटाच्या डेटावर पैसे घालायला हरकत नाही.